हशात बुडालेलं वाक्य

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या आत्याचे आहेत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि त्या पायरीपर्यंत मला आणून सोडणारी ती. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. आईची तब्येत तोळामासा. घरात नियमित पगार आणणारं माणूस एकच होतं, आत्या. ती आमच्या तालुक्याच्या गावातल्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर उभी असायची.

आता हे सांगून कुणाला खरं वाटत नाही, पण तेव्हा टॉकीजमध्ये बायकांची जागा वेगळी असे. दार वेगळं, मधे लाकडी कठडा, आणि तिकीट फाडायला बाईमाणूस. आत्या उंच होती आणि अंगानं चांगलीच भरलेली. दारात उभी राहिली की दाराचं काम तीच करी. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फाडलेल्या तिकिटांचे अर्धे तुकडे. ते गुलाबी तुकडे ती मला आणून द्यायची आणि मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं करायचो. अभ्यासाला जागा तिकीटखिडकीच्या मागची खोली. भिंतीपलीकडे सिनेमा चालू असे. मराठी शाळेत शिकलेल्या मला हिंदी आलं ते त्या भिंतीतून.

"काय मास्तर, झाला का अभ्यास?" इंटरव्हलला ती विचारायची. मास्तर हे माझं तिनं ठेवलेलं नाव. मी कुठलीही गोष्ट फार गंभीरपणे करतो म्हणून.

त्या टॉकीजमध्ये नवा सिनेमा फार उशिरा पोहोचायचा. त्यामुळे जुनेच पुन्हा पुन्हा लागत आणि त्यांतही विनोदी जास्त, कारण त्यांना बायकापोरांसकट गर्दी होई. माझी फी, माझी पुस्तकं, कंपासपेटी, पुढे वसतिगृहाचा खर्च, हे सगळं त्या हशांवर चाललं. म्हणून त्या सिनेमांबद्दल मला वाकडं बोलवत नाही. ज्या ताटात जेवलो त्यात थुंकू नये, हे मला शिकवावं लागलेलं नाही. पण ताटात काय काय होतं हे मोठेपणी नीट बघायलाही हरकत नसावी.

त्यांतला एक सिनेमा आमच्या गावाचा फार लाडका होता. एका निवृत्त कर्नलच्या भाचीवर नायकाचं प्रेम असतं. कर्नलच्या बंगल्यात शिरायला दुसरी वाट नाही म्हणून तो कर्नलच्या बहिणीवर प्रेम असल्याचं सोंग करतो. ही बहीण म्हणजे जाडजूड, वय झालेली, बिनलग्नाची. ती लाजली की लोक हसत. ती पळाली की लोक हसत. ती झोपाळ्यावर बसली आणि झोपाळा तुटला, तेव्हा तर पडद्यावर नाणी पडत. शेवटी नायक-नायिकेचं जमतं आणि हिची गाठ नायकाच्या स्वयंपाक्याशी मारून देतात. हार घालताना तो चक्कर येऊन पडतो. समाप्त.

तो सिनेमा लागला की खेळ सुटल्यावर पुरुषांच्या दारातून बाहेर पडणारे टोळभैरव मुद्दाम वळसा घालून बायकांच्या दारावरून जात. त्या बहिणीचं सिनेमातलं नाव आत्याला चिकटलं होतं.

"काय हो, झोपाळा दुरुस्त केला का?" एकदा एकानं विचारलं.

"केला ना," आत्या म्हणाली. "आधी तुला बसवून बघते. तुटला तर पाळणा करू, तुझ्या आईला परत उपयोगी पडेल."

दुसऱ्या एकाला, "बाजूला हो. पडले ना तुझ्या अंगावर, तर घडी घालून घरी न्यावं लागेल तुला."

माणसं हसत आणि ती त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसे. मला वाटे, आत्यानं जिंकलं. मला तिचा अभिमान वाटे. तिला हे सिनेमे मनापासून आवडतात याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. घरी ती त्यांतल्या नकला करायची, आईला हसवून हसवून खोकला आणायची.

तिची एक सवय होती. काही बिनसलं, की ती उठायची आणि पदर खोचत म्हणायची, "गार झाला असेल, दुसरा करते." चहा असो वा नसो. मी स्कॉलरशिपच्या परीक्षेत नापास झालो तेव्हा ती हेच म्हणाली. शेवटची बस चुकली तेव्हा स्टँडवर हेच म्हणाली. एकदा तिला बघायला येणारी मंडळी आलीच नाहीत. केलेले पोहे मी आणि शेजारच्या पोरांनी खाल्ले, आणि आत जाताना ती हेच म्हणाली. मला वाटे, हे तिचं स्वतःचं आहे. काही माणसं 'चालायचंच' म्हणतात, तसं.

पदवी घेऊन मी मद्रासला आलो. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरी लागली. पहिली काही वर्षं तिरुवल्लिकेणीत राहिलो, तिथल्या भाषेत 'मॅन्शन'मध्ये. म्हणजे एकट्या पुरुषांसाठी बांधलेली चाळच. माझ्या खोलीत एक मदुरैचा आणि एक नेल्लोरचा. खाली टीव्ही होता. त्यावर जुना हिंदी सिनेमा लागला की सगळे मला हाक मारत, कारण मजल्यावर हिंदी समजणारा मी एकटा. मी मोडक्या तमिळमध्ये सांगत जायचो: आता हा असं म्हणाला, आता ती असं म्हणाली. खोल्याखोल्यांतले लुंगीवाले पोट धरून हसत. मला तमिळ आलं ते असं, भिंतीतून आलेल्या हिंदीच्या बदल्यात.

तिथं एकही विनोद कधी अडला नाही. बाईनं नाही म्हटलं, नायक मागे लागला, पुन्हा नाही म्हटलं, त्यानं तिची चप्पल लपवली, ती हसली: सगळं सुरळीत पार पडे. ऐकणारे सगळे पुरुषच.

पुढे लग्न झालं, घर झालं आणि आम्ही इथल्या मराठी मंडळात जाऊ लागलो. मंडळाला टी. नगरमध्ये एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर छोटा हॉल मिळतो. खाली साड्यांची दुकानं, रविवारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि विक्रेत्यांचे कर्णे थेट हॉलमध्ये. मंडळात दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक आमच्यासारखी, नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली. दुसरी तंजावरकडची, पिढ्यान् पिढ्या इथलीच. त्यांचं मराठी ऐकताना जुनी पत्रं वाचल्यासारखं वाटतं आणि मधेच एखादं 'अय्यो' किंवा 'बरं' या अर्थाचं 'सरी' येतं. त्यांच्यातल्या बऱ्याच वडीलधाऱ्यांना हिंदी येत नाही. शाळेत कधी नव्हतंच.

महिन्यातून एका रविवारी दुपारी सिनेमा दाखवायचा अशी टूम निघाली, तेव्हा मॅन्शनमधलं माझं कसब उपयोगी पडलं. पडद्याशेजारी स्पीकरला खेटून खुर्ची, हातात माइक, आणि मी मराठीत सांगत जायचं.

पहिल्या रांगेत एक अक्का बसतात. सगळेच त्यांना अक्का म्हणतात. तंजावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, कानानं तिखट. पहिल्याच सिनेमात, लोक हसले तेव्हा त्यांनी मला हात करून थांबवलं.

"कां हांसतात हे?"

"अक्का, तो मुलगा त्या मुलीच्या मागं मागं सायकलवर जातोय."

"मग?"

"ती चिडते."

"मग?"

"तरी तो रोज जातो."

"मग?"

"मग... तिला तो आवडायला लागतो."

"कां?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अक्का, सिनेमा आहे तो!" अक्का म्हणाल्या, "सिनेमाच आहे, मी विचारते गोष्ट काय. बँकेत मी असं कर्ज कुणाला दिलं नसतं." हॉल हसला, आणि त्या दिवशीचा सर्वांत चांगला विनोद तोच ठरला.

अक्कांचा चिडवण्याचा हेतू नव्हता. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं. मी पेशानं तपासनीस. कारखान्यात आमच्याकडे एक साधं माप असतं: वस्तू त्यातून गेली तर पास, अडकली तर परत. त्यात मत देण्याची सोय नसते. अक्कांचं 'मग?' मला तसंच माप वाटू लागलं. दर महिन्याला माझे लाडके विनोद मी त्यातून पार करू लागलो.

आणि सांगायला आनंद वाटतो, बरेच पार झाले. सासू आणि सून संगनमत करून घरातल्या पुरुषांना एकमेकांबद्दल थापा मारतात तो सगळा प्रसंग अक्कांनी दोनदा सांगायला लावला. दौऱ्यावर जातो म्हणून गावातच लपलेल्या नवऱ्याला बायको बोटीचा, कप्तानाचा, वादळाचा सगळा हालहवाल विचारते आणि तो घामाघूम होत जातो, तिथं तर अक्कांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या सिनेमांतल्या बाया पुरुषांपेक्षा चांगलं खोटं बोलतात, वेळेला उपयोगी पडतात, आणि विनोदाचा शेवटचा शब्द बरेचदा त्यांचा असतो. जुने म्हणून ते टाकून द्यावेत असं म्हणणाऱ्यांनी ते पुरते बघितलेले नाहीत.

पण काही अडकले ते अडकलेच. एका सिनेमात शेवटी नवरा बायकोच्या थोबाडीत देतो आणि सगळे कुटुंबीय हसत फोटो काढायला उभे राहतात. मी सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मारल्यावर शहाणी झाली काय?" मी म्हटलं, "सिनेमात झाली." त्या म्हणाल्या, "सरी," आणि पिशवीतून स्वेटरचं विणकाम काढलं. चेन्नईत स्वेटर कुणासाठी विणतात हे मला अजून कळलेलं नाही. पण एखादा विनोद अडकला की त्या सुया बाहेर काढतात, एवढं मला कळलं आहे.

गेल्या वर्षी आत्या न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण शेजारणीनं दार वाजवेपर्यंत ती तशीच बसून होती. टॉकीज कधीच बंद पडलं. आई गेली. गावातल्या घरात ती एकटी. मी कितीतरी वर्षं म्हणतोय, आमच्याकडे ये, कायमची ये. ती म्हणते, बघू. पडल्यानंतर पहिल्यांदा म्हणाली, "येते. महिनाभर राहून बघते. आवडलं तर पुढचं बोलू." माझ्यासाठी त्या महिन्यावर सगळं होतं.

तिला मंडळात न्यायचं मी ठरवलंच होतं. तिला खुश करावं म्हणून त्या महिन्याच्या रविवारसाठी मीच तो कर्नलच्या बहिणीचा सिनेमा सुचवला. आमच्या टॉकीजमध्ये सर्वांत जास्त चाललेला. तो लागला की आत्या येताना माझ्यासाठी समोसा आणायची. मला तो समोसा आठवत होता.

फोनवर मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"अरे वा," ती म्हणाली. "हाऊसफुल्ल जाईल."

"तू पहिल्या रांगेत बसायचंस, अक्कांच्या शेजारी."

"आणि तू सगळ्यांना सांगणार होय, कोण काय म्हणतं ते?"

"हो, माइकवर."

"बरं," ती म्हणाली, आणि पावसापाण्याचं विचारलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. गुडघे दुखतायत. एवढा प्रवास झेपायचा नाही. बघू, उन्हाळ्यानंतर.

मी डॉक्टरांचं विचारू लागलो. बायको भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "गुडघ्यांचं काय घेऊन बसलायत? परवा तर सांगत होत्या, गच्चीवर जाऊन पापड वाळत घातले म्हणून."

"मग काय झालं असेल?"

"अहो, तुम्ही त्यांना पहिल्या रांगेत बसवून, हॉलभर माणसांसमोर, माइकवर सांगणार होतात, की बघा बघा, ही जाडी बाई लग्नासाठी कशी पळते."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं, जसं भाजीत अळी दाखवावी.

मी दुसऱ्या दिवशी कामावरून तसाच मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. त्यांच्या घरी कॉफी घेतल्याशिवाय विषय काढता येत नाही. कॉफी झाल्यावर म्हटलं, सिनेमा बदलू या.

"आता? सगळ्यांना कळवून झालंय. शिवाय तुम्हीच सुचवलात."

"तेव्हा मी नीट विचार केला नव्हता. त्यातल्या त्या बहिणीची फार टिंगल आहे."

"अहो, तेव्हाचा काळच तसा होता. लोकांच्या मनात काही वाईट नसायचं."

हे वाक्य मी स्वतः अनेकदा वापरलं आहे, त्यामुळे त्यांचा राग आला नाही. मी म्हटलं, "काळ हसणाऱ्यांचाही होता, सर, आणि दारात उभं राहणाऱ्यांचाही. माझी आत्या त्याच काळातली. तिला तेव्हाही ऐकू येत होतं."

त्यांनी रिकामे कप उचलून ट्रेमध्ये ठेवले. मग म्हणाले, "एक सिनेमा काढला की उद्या दुसरा काढायला सांगतील. मग दाखवायचं काय? भजनं?"

त्यात तथ्य होतं. आणि खरं सांगायचं तर लपवून टाकणं मलाही पटत नव्हतं. ज्या सिनेमानं माझी फी भरली तो कपाटात दडवला, तर आत्याचं दारात उभं राहणंही त्याबरोबर दडवल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, "ठीक. दाखवू. पण एरवी मी ठळक ठळक तेवढं सांगतो. या वेळी त्या बहिणीचं एकूण एक वाक्य सांगणार. एकही सोडणार नाही."

"सांगा की," अध्यक्ष म्हणाले. "तिला वाक्यं तरी किती आहेत?"

मलाही ठाऊक नव्हतं. सिनेमा पाठ होता, असं मी समजत होतो.

रविवारी हॉल भरला. अध्यक्षांनी लॅपटॉप लावला. अक्का पहिल्या रांगेत, शेजारची खुर्ची आत्यासाठी धरलेली. आता तिच्यावर अक्कांची पिशवी. सुरुवातीचा नायक-नोकराचा गोंधळ छान रंगला. मग कर्नलची बहीण आली. ती बोलली की मी लगेच मराठीत बोलायचो, जे आहे ते, जसं आहे तसं. हिंदी येणारी मंडळी आधी हसत, तंजावरची माझ्यामागून. झोपाळा तुटला. सगळे हसले. अक्काही थोड्या हसल्या, पडणारं माणूस बघून कुणालाही हसू येतं. मग विचारलं, "लागलं काय तिला?" मी म्हटलं, "ते दाखवत नाहीत."

मग तो बागेतला प्रसंग. नायकानं तिला संध्याकाळी चहाला बोलावलेलं असतं आणि स्वतः न जाता दाढीमिशा लावून स्वयंपाक्याला पाठवतो. ती नटूनथटून, केसांत दोन-दोन फुलं माळून, टेबलावर दोन कप मांडून बसलेली. कॅमेरा तिच्यापासून हळूहळू वर जातो आणि झाडामागे पाय घसरणारा स्वयंपाकी दिसतो. आमच्या टॉकीजमध्ये इथं छप्पर उडायचं. या हॉलमध्येही हसू फुटलं. पण मी स्पीकरला खेटून होतो, आणि तिचं एकूण एक वाक्य सांगायचं कबूल करून बसलो होतो. म्हणून कान देऊन ऐकत होतो. हसण्याच्या खाली, हळू, कुणालाही उद्देशून नाही, कपाला हात लावून ती काहीतरी म्हणाली.

मी माइक खाली घेतला. अध्यक्षांना म्हटलं, "मागे घ्या."

"काय झालं?"

"थोडंसं मागे घ्या. ती काहीतरी बोलली."

त्यांनी घेतलं. या वेळी लोक गप्प होते, काय बिघडलं म्हणून. आणि सगळ्यांना ऐकू आलं. मला ते मराठीत सांगायचं होतं, माझं कामच ते होतं, आणि मला त्याचं मराठी शोधावं लागलं नाही. ते मी लहानपणापासून रोज ऐकलेलं होतं.

"ती म्हणते," मी म्हटलं, "गार झाला असेल. दुसरा करते."

अक्कांनी कानामागे हात नेला. मी पुन्हा सांगितलं.

"तिला कुणी सांगितलं नाही काय, तो येणार नाही म्हणून?"

"नाही, अक्का."

"शेवटपर्यंत?"

"शेवटी त्या स्वयंपाक्याशी लग्न लावून देतात."

अक्कांनी विचार केला. "तो माणूस बरा आहे काय?"

"सिनेमात त्याबद्दल काही नाही."

"अय्यो," अक्का म्हणाल्या. त्यांनी सुया काढल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी अध्यक्षांना खूण केली आणि सिनेमा पुढे सुरू झाला.

त्यानंतर सगळा हॉल बदलला असं काही झालं नाही. हार घालताना स्वयंपाकी चक्कर येऊन पडला तेव्हा पुष्कळ जण हसले. वडे खाताना एक गृहस्थ मला म्हणाले, "मजा घालवलीत हो थोडी." मी म्हटलं, "थोडी घालवली, खरंय." अध्यक्ष खुर्च्या लावता लावता एवढंच म्हणाले, "मी हा सिनेमा किती वेळा बघितलाय, सांगू? ते वाक्य मी आज ऐकलं."

मीही. पण टॉकीजमध्ये एक माणूस असं होतं ज्यानं ते ऐकलं होतं. दाराशी उभं राहून, रिकाम्या मॅटिनीला, पावसाळ्यात आठ-दहा बायका आणि गळकं छप्पर असताना, जेव्हा हसायला पुरेशी माणसंच नसत. गावानं तिला त्या बहिणीचं नाव दिलं. तिनं त्या बहिणीचं वाक्य घेतलं. पडणं नाही, लाजणं नाही, झोपाळा नाही. एवढं एकच वाक्य उचललं आणि आयुष्यभर वापरलं, आणि ते वापरून मला वाढवलं.

जुन्या विनोदी सिनेमांत बायकांचं काय केलं आहे, असं आता मला कुणी विचारलं तर मी हो किंवा नाही म्हणत नाही. म्हणतो, तिचं एकूण एक वाक्य ऐका. हशाखाली काय बोलली ते ऐका. मग ठरवा. मंडळातला माझा कारभार मी तसाच चालवणार आहे. दर महिन्याला, एकही वाक्य न गाळता.

आत्याला फोन केला असता तर तिनं पावसापाण्यावर नेलं असतं. म्हणून पत्र लिहिलं.

"आत्या,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, कारण ते वाचून तू म्हणतेस की मला अजून घाटावर पोचवू नकोस.

तो सिनेमा रविवारी दाखवून झाला. तू नव्हतीस हे बरंच झालं. तो मी निवडला यात माझी चूक झाली. समोसा आठवला आणि बाकीचं आठवलं नाही. आता तू सांगितल्याशिवाय तो पुन्हा लागणार नाही, आणि त्या बाईची नक्कल आमच्या घरात कुणी करणार नाही. तू स्वतः केलीस तर गोष्ट वेगळी. तुझ्या दारावर कुणाला सोडायचं ते तू ठरवायचीस.

बागेत दोन कप मांडून ती बसते तेव्हा काय म्हणते, ते मी पहिल्यांदा ऐकलं. तू कधी ऐकलंस? मला ते तुझंच वाटायचं. अजूनही तुझंच वाटतं. तिच्या तोंडी ते एकदाच येतं आणि कुणाला ऐकू जात नाही. तू ते इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यानं म्हणालीस, की मी नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसलो.

आता ऐक. महिनाभर राहून बघते, हे मला मान्य नाही. तू कायमची येणार आहेस. तुझ्या गुडघ्यांना न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आहे. तुझी सून म्हणते, पापड इथल्या गच्चीवर निम्म्या वेळात वाळतात, आणि गुडघ्यांचं तिला सगळं ठाऊक आहे. मी रजा टाकली आहे. येत्या शनिवारी सकाळी दाराशी असेन. नाही म्हणालीस तर ओट्यावर बसून राहीन. मी मास्तर आहे, मला कंटाळा येत नाही.

मंडळाचा पुढचा सिनेमा तू निवडायचास. कुठलाही. अक्कांनी शेजारची खुर्ची धरून ठेवली आहे. त्या प्रत्येक गोष्टीला 'मग?' विचारतात, तेव्हा उत्तरं तयार ठेव. स्वेटर त्यांनी अजून पुरा केलेला नाही. तुझ्या मापाचा असेल तर मला नवल वाटणार नाही, कारण तुझी उंची त्यांनी मला विचारून घेतली आहे.

शनिवारी मी पोचेन तेव्हा चहा टाकून ठेवू नकोस. गाडीला उशीर होतो, गार होईल. मी आल्यावर मीच करतो.

तुझा,
मास्तर"